झऱ्यावरचे सात दगड

बुधवार, ७ जून २०२३
सोरान, इराकी कुर्दिस्तान

रिझगार दादा,

फोनवर तू मला सहा वर्षांपूर्वी बंद करून टाकलंस, म्हणून कागद घेतला. पत्ता पर्शंग वहिनीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. दोनदा तिनं नाही म्हटलं, तिसऱ्यांदा मी रडले. थोडी मुद्दामच रडले.

परवा मी हलगुर्दवर चालले आहे. शुक्रवारी चढायचं, तळ्याकाठी तंबू ठोकायचा, शनिवारी शिखर, संध्याकाळी घरी. हे वाचून तू तिकडे स्वीडनमध्ये हसशील किंवा कागद चुरगाळशील, मला माहीत नाही. तुला आठवतं तसंच आहे अजून. मी डांबरावर चालते, सिमेंटवर चालते, फरशीवर चालते. गवतावर नाही. नवरोझला सगळी शाळा डोंगरात जेवायला जाते तेव्हा मी गाडीत बसून राहते. मुलींनी मला नाव ठेवलंय, 'डांबरी बाई'.

पण आमचे फरेदून सर निवृत्त होताहेत. भूगोलाचे. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या वर्षी मुली माझ्या गणिताच्या तासाला बाकं वाजवायच्या, तर सर दाराबाहेर उभे राहून नुसते खाकरायचे. असे सर. मास्तरांच्या खोलीत त्यांना भेट काय द्यायची यावर वाद चालला होता. घड्याळ, गालिचा, वगैरे. सर म्हणाले, "मला काही नको. माझ्याबरोबर एकदा वर चला."

बेखाल लगेच उठली. ती खेळाची शिक्षिका, माझी इथली एकुलती एक मैत्रीण. "मी आले. माझा नवरा दिलेर पण येईल, त्याला ओझी वाहायला आवडतं. आणि चनूर पण येणार."

"ही?" कोणीतरी म्हणालं. "ही गाडीच्या खिडकीतून कबाब मागून घेते."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चनूर, मी पुढे असेन. मी पाय ठेवीन तिथंच तू ठेव. अकरा वेळा गेलोय मी, वाट मला पाठ आहे."

मी हो म्हटलं. कसं म्हटलं, कळत नाही.

हे पत्र तुला मिळेल तोवर मी आलेली असेन. नसले, तर तुला एक गोष्ट सांगायची राहून जाईल. ती आत्ता लिहायला बसले होते, दोन ओळी लिहून कागद फाडला. आल्यावर लिहीन.

चनूर

रविवार, ११ जून
सोरान

रिझगार दादा,

सगळे जिवंत आहेत, हे आधी.

शुक्रवारी सकाळी दिलेरच्या पिकअपमधून चोमानला गेलो, गरम नान घेतले, रस्ता संपला तिथं गाडी लावली. माझी सॅक नऊ किलोची होती. बेखालनं त्यातली अर्धी माझ्या नकळत दिलेरच्या सॅकमध्ये कोंबली. सर काठी घेऊन पुढे, त्यांच्यामागे मी, मग बेखाल, शेवटी दिलेर. मी सरांच्या बुटाचा ठसा बघायची आणि नेमका त्यावरच बूट ठेवायची. सर लांब टांगा टाकतात, तर मला उड्या माराव्या लागायच्या.

"ताई," मागून दिलेर ओरडला, "गुरुजींच्या पावलावर पाऊल ठेवायचं म्हणजे इतकं मनावर घ्यायचं नसतं हो!"

"गप रे," बेखाल म्हणाली. "ती चाललीय ना? मग?"

चालले, दादा. सहा तास. मेंढपाळांचे काळे तंबू लागले, एका बाईनं ताक दिलं. तळ्यावर पोचलो तेव्हा मी सॅकसकट पहिल्या खडकावर बसले. बर्फ अजून काठापर्यंत आहे. चीज, अक्रोड, नान आणि काजळ लागलेल्या किटलीतला चहा. सरांनी तंबू लावायची जागा काठीनं टोचून टोचून बघितली. माझ्यासाठीच, हे मला कळलं.

शनिवारी उजाडताना निघालो आणि साडेनऊला माथ्यावर. वरती एक मजा झाली. मला भीतीच वाटेना. मग लक्षात आलं, वर सगळा उघडा खडक आहे. दगडाची मला भीती नाहीच, भीती मातीची आहे. मी दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि बेखालनं फोटो काढला. तुला पाठवता आला असता तर पाठवला असता. सर इराणच्या बाजूला तोंड करून बराच वेळ उभे होते. "छत्तीस वर्षं हा डोंगर मी फळ्यावर काढला," ते म्हणाले. "दर वर्षी शेंडा चुकायचा."

उतरताना पश्चिमेकडून धुकं आलं. सरांची नेहमीची वाट बर्फाच्या एका पट्ट्यावरून जाते. तो पट्टा मध्येच खचला होता, खालून पाणी वाहताना ऐकू येत होतं. सर थोडा वेळ थांबले, मग डावीकडून मेंढपाळांच्या पायवाटेनं निघाले. बर्फ संपला, गवत लागलं. धुकं इतकं की पुढच्या माणसाची सॅक तेवढी दिसायची.

तिथं बेखाल आडोशाला गेली. बायकांना डोंगरात काय अडचण असते ते तुला सांगायला नको. वाटेपासून तीस पावलांवर एक मोठा दगड होता, त्याच्यामागे ती स्वतःच गेली. आम्ही पाठ फिरवून उभे राहिलो. दिलेर सरांना काहीतरी विनोद सांगत होता.

मग तिचा आवाज आला. मोठा नव्हता. ती मैदानावर ओरडते तेव्हा चौकात ऐकू जातं, आणि हा आवाज अगदी हळू.

"कोणी येऊ नका इकडे."

"काय झालं?"

"माझ्या उजव्या बुटाशेजारी काहीतरी आहे. हिरवट. डबी असते ना बुटाच्या पॉलिशची, तसं. अर्धं मातीत आहे."

दादा, माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. तीच, जी तेव्हा वाजली होती.

दिलेर धावला. मी त्याची सॅक दोन्ही हातांनी धरली आणि सरळ खाली बसले, सगळं वजन टाकून. तो मागे पडला. मला शिव्या दिल्या, लाथ मारली, माझ्या नडगीवर काळानिळा डाग आहे. मी सोडलं नाही. सर ओरडले, "बेखाल, पाय उचलायचा नाही! जशी आहेस तशीच राहा! दिलेर, तू एक पाऊल टाकलंस तर दोघं जाल!"

सर म्हणाले, बर्फ वितळताना हे युद्धातले जुने सुरुंग वरून मातीबरोबर वाहत येतात. गेल्या वर्षी इथं काही नव्हतं. फोनला रेंज नव्हती. चौकी दीड तासावर खाली. गुडघ्याला पट्टा बांधलेला साठीचा माणूस त्या धुक्यात एकटा उतरत गेला. तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

मग आम्ही तिघं. मी आणि दिलेर वाटेवर, बेखाल तीस पावलांवर. धुकं जरा विरळ झालं की तिचं पिवळं जाकीट दिसायचं, मग पुन्हा जायचं. दर वेळी जाकीट गेलं की मी आकडे मोजायची, परत दिसेपर्यंत.

साडेबाराला गारा पडल्या. मोठ्या नव्हत्या, हरभऱ्याएवढ्या. दहा मिनिटांत सगळं पांढरं झालं.

"चनूर," ती म्हणाली, "डबी दिसत नाही आता. झाकली गेली. कुठं होती तेच कळेना."

त्याच्याइतकं भयंकर वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. म्हणजे एकदा सोडून.

मी तिच्याशी बोलत राहिले. काय बोलले ते महत्त्वाचं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी सर सुरुंग काढणाऱ्या दोघांना घेऊन आले. ते पोटावर झोपून, सळईनं बोट बोटभर माती टोचत सरकले. तीस पावलांना दोन तास लागले. वाटेत आणखी एक सापडला, ती जाताना जिथून चालत गेली त्याच्यापासून वीतभर अंतरावर. बेखाल सहा वाजून गेल्यावर बाहेर आली. साडेसहा तास उभी होती. चौकीवर त्यांनी विचारलं, बाई तिकडे गेल्या कशा? सर म्हणाले, वाट मी निवडली, चूक माझी आहे. त्यांनी लिहून घेतलं.

आज आठवड्याचा पहिला दिवस, शाळा होती, मी गेले नाही. खोलीभर गालिचा आहे, तरी पाय खाली टाकवत नाही.

चनूर

बुधवार, १४ जून
सोरान

रिझगार दादा,

रविवारच्या पत्रात मी दोन ठिकाणी तुझ्याशी खोटं बोलले. ते पत्र टाकून झालंय, परत घेता येत नाही. म्हणून हे.

पहिलं. बेखाल स्वतःहून गेली नाही. तिनं मला विचारलं, "कुठं जाऊ गं?" मी चहूकडे बघितलं आणि म्हणाले, "तिकडे जा, त्या दगडामागे. कोणी बघत नाही." मला वाटलं तिथं काही नाही, कारण धोक्याच्या खुणेचा लाल दगड दिसला नाही. इतकंच कारण. लाल दगड नाही, म्हणजे धोका नाही. जगात हे म्हणायचा हक्क ज्या एका बाईला नाही, ती मी.

का नाही, ते दुसरं.

दोनच्या सुमाराला बेखालचे पाय लटपटायला लागले. आवाजावरून कळत होतं. "मी बसते," ती म्हणाली. "जे व्हायचं ते होऊ दे, मी बसते."

"बसू नकोस! बेखाल, ऐक, मी तुला—"

"पाढे नको म्हणू हां. तुझं गणित नको." ती रडत होती आणि हसत होती. दिलेर आपल्या लेकाच्या गोष्टी सांगत होता, तो परवा शाळेत काय म्हणाला वगैरे. ती ओरडली, "त्याचं नाव काढू नकोस, मला आणखी रडू येतं!" मग म्हणाली, "चनूर, मला राग येईल असं काहीतरी सांग. खूप राग. राग आला की मी ताठ उभी राहते, तुला माहीत आहे."

मला एकच गोष्ट माहीत होती तशी. मी ती धुक्यात ओरडून सांगितली. तीस वर्षांत पहिल्यांदा. आता तुला सांगते, ओरडता येत नाही म्हणून लिहून.

युद्ध संपल्यावर कानीरशला, आपल्या गावी, आपण परत आलो तेव्हा मी सात वर्षांची होते, तू बारा. झऱ्यावरच्या उतारावर दोन शेळ्या सुरुंगानं उडाल्या. बाबा चोमानला जाऊन लाल रंगाचा डबा घेऊन आले आणि झऱ्यापासून अक्रोडाच्या झाडापर्यंत हातहातभर अंतरावर दगड रंगवून मांडले. आपल्या दोघांना हाताला धरून ती ओळ चालवली. "दगडाच्या अलीकडे तुम्ही. पलीकडे कोणी नाही, शेळी गेली तरी नाही, मी गेलो तरी नाही." आठवतं?

पुढच्या वसंतात मी भातुकली मांडली होती, घराच्या मागच्या भिंतीशी. मला चूल हवी होती. गावातले सगळे दगड करडे, आणि ते लाल. झऱ्याकडच्या टोकाचे, झुडपाखाली होते ते, मी उचलले. एका दिवसात नाही. रोज एक, दोन. सात झाले. फार सुंदर चूल झाली होती. त्यावर मी चिखलाचे नान भाजायची.

पाचव्या दिवशी तुझं करडू पळालं. तू ओळीच्या कडेनं धावत गेलास, दगड संपले तिथं तुला वाटलं की ओळ संपली, धोका संपला. तू चुकला नव्हतास. तू बाबांनी शिकवलं तसंच केलंस.

आवाज झाला तेव्हा मी चुलीपाशी बसले होते. कानात शिट्टी वाजत होती. सगळे तुझ्याकडे धावले आणि मी एकेक दगड उचलून झऱ्याच्या डोहात टाकला. सातही. आठ वर्षांच्या मुलीला हे सुचलं. कोणी शिकवलं नव्हतं.

तू दवाखान्यात बाबांना म्हणालास, "आणखी एक डबा रंग आणायला काय झालं होतं तुम्हाला?" मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बाबा म्हणाले, "मी ठेवले होते रे." आई म्हणाली, "ठेवले असते तर तिथं असते." ते दोनतीन महिने म्हणत राहिले, ठेवले होते, ठेवले होते. मग म्हणायचे थांबले. मग एकदा चहा पिताना शेजाऱ्याला सांगताना मी ऐकलं, "शेवटी शेवटी रंग कमी पडला असणार. मला वाटतं मी तेवढे सोडून दिले." दादा, त्यांना ते आठवायला लागलं होतं. न घडलेली गोष्ट त्यांना आठवायला लागली होती, आणि ती आठवण मी त्यांना दिली.

तू बाविसाव्या वर्षी निघून गेलास. बाबा गेले तेव्हा आला नाहीस. शेवटच्या दिवसांत ते विचारायचे, "रिझगारचा फोन?" मी म्हणायची, येईल. आई गेली तेव्हाही तू आला नाहीस आणि मी तुला फोनवर म्हणाले, तुझा एक पाय गेला आणि त्याच्या बदल्यात तू सगळं घर तोडलंस. ते मी म्हणाले. मी.

हे सगळं मी ओरडून सांगितलं आणि पुन्हा आकडे मोजायला लागले. मला वाटलं ती पडली. मग तिचा आवाज आला, आणि तो मैदानावरचा आवाज होता.

"बाबांना सांगितलंस कधी?"

"नाही."

"मरताना तरी?"

"नाही."

"अगं, बाईच्या जातीची आहेस का कोण आहेस तू?"

"बेखाल, उभी आहेस ना?"

"उभी आहे! इथून बाहेर येऊ दे मला, पहिली तुझ्या कानाखाली वाजवते!"

आणि वाजवली. सहा वाजता बाहेर आली, दिलेरला मिठी मारली, मग माझ्यासमोर आली आणि खरंच वाजवली. ते सुरुंगवाले बघतच राहिले. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून इतकी रडली की आम्ही दोघी खाली बसलो. तिथल्या गवतावरच बसलो, मला नंतर कळलं.

आणखी एक आहे. सर चौकीवर म्हणाले ना, चूक माझी. मी शेजारी बसले होते, हातात चहाचा पेला होता. मी त्यांना थांबवलं नाही. वाट त्यांनी निवडली हे खरं, पण बेखालला दगडामागे पाठवणारी मी होते. बेखाल बाहेर गाडीत होती. मी तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत झालं असतं. सरांनी खाली सही केली. तेव्हा मी पेल्यातला चहा बघत होते. आठ वर्षांची होते तेव्हा लहान होते असं तरी म्हणता येतं. आता?

तू उत्तर देऊ नयेस हे मला कळतं.

चनूर

शनिवार, २४ जून
सोरान

रिझगार दादा,

वहिनीचा निरोप आला. तू तिन्ही पत्रं वाचलीस आणि जेवताना कोणाशी बोलत नाहीस. तिनं मला विचारलं, काय लिहिलंस त्यात? मी सांगितलं नाही. ते तू सांगावंस किंवा सांगू नयेस.

इथलं सांगते, कारण हे सांगायला मला दुसरं कोणी नाही.

शाळेत बोलणं सुरू झालं होतं. म्हाताऱ्याला काय गरज होती बायकांना वर न्यायची. अकरा वेळा गेला म्हणजे काय डोंगर विकत घेतला? मुलींच्या आयांनीसुद्धा. सर मधल्या सुट्टीत खोलीत येईनासे झाले, वर्गातच बसून राहायचे. परवा गुरुवारी त्यांचा निरोपसमारंभ होता. शेवटी गालिचाच आणला होता. सर पुढच्या खुर्चीत बसले होते आणि मुख्याध्यापिका त्यांच्याबद्दल चांगलं बोलत होत्या, पण मागे खुसखुस चालली होती आणि सरांना ती ऐकू जात होती. त्यांची मान खाली होती. दादा, ती मान मी बघितलेली आहे. आपल्या दारात, उंबऱ्यावर, चहा पितानाची.

मी उठले. म्हटलं, "बेखालला त्या दगडामागे मी पाठवलं. सरांनी नाही. सर चौकीत खोटं बोलले आणि मी ते बोलू दिलं."

मग मागून एक बाई म्हणाल्या, "मग आत्ता कशाला सांगतेस?"

बेखाल उठली आणि त्यांना म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? उभी मी होते ना तिथं?"

सरांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, रागानं बघितलं. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात मला गाठून म्हणाले, "माझी वाट होती. मी नेलं होतं. माझ्याकडून ते काढून घ्यायचा तुला काय अधिकार?" आणि गालिचा काखेत मारून खाली उतरले. मी त्यांना घरी सोडते म्हणाले तर नको म्हणाले.

म्हणजे खरं सांगूनसुद्धा नीट होत नाही. मला वाटलं होतं, होतं.

चौकीवर जाऊन मी माझा जबाब लिहून दिला. तिथला माणूस म्हणाला, "आता याचं काय करू? फाइल बंद झालीय." तरी त्यानं ठेवून घेतला.

दिलेर माझ्याशी बोलत नाही. बेखाल येते, पण पूर्वीसारखी खिडकीखालून हाका मारत येत नाही. बेल वाजवून येते. मी डोळे मिटले की ते पिवळं जाकीट धुक्यात जातं आणि मी मोजायला लागते. काल शंभराच्या पुढे गेले तरी ते दिसेना, तेव्हा उठून दिवे लावले.

चनूर

गुरुवार, १४ सप्टेंबर
सोरान

रिझगार दादा,

हे पत्र बेखालकडे ठेवते आहे, किल्लीबरोबर. तू विमानतळावरून आलास की ती देईल. तुझं ऑगस्टमधलं पाकीट मी इतक्या वेळा उघडलं की घडीवर फाटलं. तीन ओळी. 'सप्टेंबरात येतोय. बाबांकडे जायचंय. तू तिथं नको.'

मी नसेन. तू असेपर्यंत मी अर्बीलला एका सहकारी बाईंकडे राहीन. तुला शोधणार नाही, फोन करणार नाही. आईची खोली झाडून ठेवली आहे, पलंग जरा उंच होता म्हणून खालच्या विटा काढल्या. तुझा पाय रात्री काढून ठेवायला शेजारी स्टूल ठेवलंय. कपाटात पांघरुणं आहेत. फ्रिजमध्ये द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेले यापराख आहेत. मी केलेत म्हणून खायचे नसतील तर बेखालच्या घरी दे.

आता वाट. कानीरशचा रस्ता आता गावापर्यंत डांबरी झालाय. मशिदीपाशी गाडी ठेव. झऱ्याच्या बाजूला जाऊ नकोस, तिकडे सुरुंग साफ केल्याची पाटी आहे, पण जाऊ नकोस. कबरस्तान उलट्या बाजूला, बदामांच्या मागे. रस्ता संपतो तिथून पुढे दोनशे पावलं गवत आहे, मध्ये एक ओहोळ, सध्या कोरडा. काठी घेऊन ये, उतार आहे. बाबा आईच्या डाव्या हाताला आहेत. दगडावर नाव पुसट झालंय, पण जवळ गेलास की वाचता येतं.

मला हे माहीत नव्हतं, दादा. पुसट झालंय हे. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली आणि मी दर ईदला रस्ता संपतो तिथंच उभी राहून फातिहा म्हणायची आणि परत फिरायची. लोकांना वाटायचं, ऊन लागतं म्हणून. मी त्यांच्या कबरीजवळ कधी गेलेच नव्हते.

काल गेले. बेखाल आली होती, ती गाडीत बसली आणि म्हणाली, तू जा, मी इथून बघते. जाताना पाय पुढे टाकायला मला प्रत्येक वेळी स्वतःला सांगावं लागत होतं. मध्येच ओहोळात मी थांबले, पुढे जाववेना आणि मागे फिरवेना. बेखालनं गाडीतून हॉर्न वाजवला. मग गेले. दगडावरची धूळ ओढणीनं पुसली. बाबांना सांगितलं, मोठ्यानं, सगळं, दगड किती होते तेही. ऐकायला कोणी नव्हतं, पण सांगून झालं. तुला जे बोलायचं असेल ते तू बोल.

आणि घाबरू नकोस. वाट साफ आहे. मी काल दोनदा चालून बघितली. एकदा बूट घालून, एकदा अनवाणी.

चनूर